झुकिनी संपवण्याच्या नोंदी : न्यू जर्सी, उन्हाळा २०२४

मे महिन्यात हौसेनं झुकिनीची (काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या कुळातली फळभाजी) रोपं लावलीत आणि जुलैत शेजारी तुम्हाला बघून गाडीत बसून निघून जायला लागले, अशी अवस्था असेल तर या नोंदी तुमच्यासाठी आहेत. मध्य न्यू जर्सीतलं परस, १२ फूट बाय ४ फूट वाफा. घरात मी, नवरा, शाळकरी मुलगी आणि उन्हाळ्यापुरत्या मिरजेहून आलेल्या सासूबाई. त्या त्या रात्री फोनवर खरडलेलं इथे तारखांप्रमाणे लावलंय. वाटी म्हणजे आमटीची वाटी.

१८ मे

नर्सरीतून चार रोपांचा ट्रे आणला, साडेचार डॉलर. आमच्याकडे मेच्या मध्यापर्यंत दव गोठायची भीती असते, म्हणून आजवर थांबले. नर्सरीतली बाई म्हणाली, चौघांच्या घराला एक रोप भरपूर होतं, फार तर दोन. आई म्हणाल्या, "दोडक्याचे चार वेल लावले तरी एका वेळेची भाजी मिळताना मारामार." हा वेल नाही, झुडूप आहे, हे तेव्हा आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही. चारही लावली, तीन तीन फुटांवर. त्यात वाफा संपला. टोमॅटो कुंड्यांत गेले.

३० जून

पहिली तोडणी. वीतभर लांब, चकचकीत, नखानं सहज टोचेल अशा कोवळ्या. कच्च्याच खाल्ल्या.

कोशिंबीर: साल न काढता बारीक चिरली. मीठ घालायचं नाही. दाण्याचं कूट, लिंबू, साखर, मिरची, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी, आणि मीठ ताटात वाढताना. काकडीची करतो तशी आधी मीठ लावून ठेवली असती तर दहा मिनिटांत वाटीत पाणी झालं असतं. झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी भांडणं त्याच्याशीच आहेत.

७ जुलै

चार जुलैच्या सुट्टीला जोडून बाहेरगावी गेलो होतो. आलो आणि वाफ्यात पानांखाली सोटे पडलेले. सगळ्यात मोठा १ किलो ९०० ग्रॅम. गुरुवारी सकाळी निघताना तो बोटाएवढा होता, मी बघितला होता. या दिवसांत ऊन आणि पाणी दोन्ही मिळालं की फळ दिवसाला काही इंच वाढतं. एक दिवसाआड तोडायलाच हवी. गावाला जाणार असाल तर निघायच्या दिवशी करंगळीएवढ्यासुद्धा तोडून टाका आणि कुणाला तरी फेरी मारायला सांगा. मोठं फळ झाडावर तसंच राहिलं तर झाड बिया पक्क्या करायच्या मागे लागतं आणि नवीन फळं मंदावतात. आता हे ऐकून काहींना वाटेल, बरंच झालं. आम्हालाही नंतर तसंच वाटलं.

रात्री दुधीसारखी भाजी टाकली. हरभराडाळ भिजवलेली, फोडणी, फोडी, मीठ, झाकण, मंद आच. पंधरा मिनिटांनी झाकण काढलं तर डाळ कच्ची आणि फोडींचा लगदा, वर बोटभर पाणी. पाणी आटवत बसले तर लगद्याची चटणी झाली. मुलीनं ताट सरकवलं. कुणी बोललं नाही, पण दुसरी वाढ कुणी मागितली नाही.

८ जुलै

तीच भाजी पुन्हा, मुद्दाम. यावेळी डाळ दोन तास भिजवून, वेगळी बोटचेपी शिजवून घेतली. बिडाची कढई खूप तापवली, फोडणीवर डाळ परतली, शेवटी अर्ध्या इंचाच्या फोडी. झाकण नाही. आच मोठी. पाच-सहा मिनिटं, उलथनं सारखं फिरवायचं नाही, फोडींना कढई लागू द्यायची. मीठ आणि गोडा मसाला गॅस बंद करायच्या आधी अर्धा मिनिट. फोडी उभ्या राहिल्या.

कढईत एका वेळी जास्त भरू नका. किलोभर फोडी एकदम टाकल्या की कढई गार पडते आणि परतण्याऐवजी उकडणं सुरू होतं. दोन घाण्यांत करा.

१० जुलै

पीठ पेरून केली. पातीच्या कांद्याची करतो तीच रीत: फोडणीवर फोडी, तिखट-मीठ, पाणी सुटू द्यायचं आणि मग बेसन भुरभुरायचं. इथे मीठ आधी घालायचं, कारण पाणी हवंच आहे. त्या पाण्यात बेसन शिजतं. अर्धा किलो झुकिनीला पाऊण वाटी बेसन, दोन डाव तेल. बेसन आधी कोरडं भाजून घेतलं तर चिकट होत नाही. आत्तापर्यंतची सगळ्यात बिनबोभाट भाजी. डब्यात दुसऱ्या दिवशीही चांगली राहिली.

१३ जुलै

थालीपीठ. आईंनी मिरजेहून आणलेली भाजणी, म्हणजे वाया घालवायची सोय नाही.

पहिला गोळा नेहमीच्या सवयीनं भिजवला: भाजणी, कीस, कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ, आणि मळायला पाणी. परातीतच गोळा ढिला पडू लागला. कीस आपलं पाणी सोडतोय हे कळेपर्यंत पीठ थापता येईना. भाजणी वाढवली, मीठ कमी पडलं, मीठ घातलं, पुन्हा पाणी सुटलं. असं करत दोन थालीपिठांचा ऐवज सहा थालीपिठांचा झाला आणि तव्यावर ती मध्ये कच्चीच राहिली.

दुसरा गोळा आईंनी केला. किसाला मीठ चोळून पंधरा मिनिटं बाजूला ठेवला. पिळला नाही. मग त्या सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढीच भाजणी, मुठीमुठीनं. वरून पाण्याचा थेंब नाही. आणि भिजवलं की लगेच थापायचं. वीस मिनिटं ठेवलं तर पुन्हा सैल होतं. मधे भोक, भोकात तेल, झाकण ठेवून एक बाजू, झाकण काढून दुसरी.

दोन वाट्या कीस = साधारण अडीच वाट्या भाजणी. ज्यांच्याकडे भाजणी नाही त्यांनी ज्वारीचं पीठ दोन भाग, बेसन एक भाग, थोडं तांदळाचं पीठ आणि धणे-जिऱ्याची भाजून केलेली पूड असं घ्या. खमंगपणा तेवढा येत नाही, पण झुकिनी संपते.

१४ जुलै

आज ओट्यावर सगळ्या झुकिन्या आकारानं लावल्या. आई बघत होत्या. त्यांनी वीतभर लांबीच्या एकीकडे सरकवल्या, "या दोडक्यासारख्या करायच्या." हातभर लांबीच्या मधल्या, "हा दुधी." आणि सोटे, ज्यांची साल नखाला दाद देत नव्हती, ते तिसरीकडे: "याला कोहळा समज आणि तसंच वाग."

तेव्हापासून आमचं भागलं. आधी मी एकच भाजी समजून एकाच पद्धतीनं सगळं संपवायला बघत होते. कोवळी: कोशिंबीर, परतलेली भाजी, भजी. मधली: पीठ पेरून, थालीपीठ, मुटके. जून: साल काढायची, मधला स्पंजासारखा भाग आणि बिया चमच्यानं खरवडून टाकायच्या, उरलेल्या घट्ट गराचा कीस करायचा, सांडगे, हलवा, फ्रीझर. सोट्याचा निम्मा भाग कंपोस्टमध्ये जातो, वाईट वाटून घेऊ नका.

मुटके राहिले लिहायचे. कीस पिळून, ज्वारी-बेसन-रवा, आलं-मिरची, चमचाभर दही. मुठीत वळून मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफवायचे, गार झाल्यावर कापून मोहरी-तिळाच्या फोडणीवर. रवा घातला नाही तर चिकट होतात. पिळलेलं पाणी कणीक भिजवायला वापरलं. पोळ्यांना वास येत नाही, रंग किंचित हिरवा येतो.

१७ जुलै

फुलं. हा संपवण्याचा उपाय झाडावरच होतो. बारीक सरळ देठावरचं ते नर फूल, देठाशी इवलीशी झुकिनी चिकटलेली ती मादी. मादी फुलं तोडली की तेवढी फळं कमी. आम्ही आता दोन्ही तोडतो, मात्र थोडी नर फुलं मधमाश्यांसाठी ठेवतो.

सकाळी उघडलेली असतानाच तोडायची. दुपारी मिटतात आणि आत मधमाशी अडकलेली असू शकते. आज एक निघाली, मुलीनं घर डोक्यावर घेतलं. आतला परागांचा दांडा चिमटीनं काढायचा. पाण्याखाली धरू नका, पाकळ्या गळपटतात. ओल्या फडक्यानं पुसा. बेसनात दोन चमचे तांदळाचं पीठ, ओवा, हळद, तिखट. पातळसर भिजवून एकेक फूल बुडवून तळायचं. लाल भोपळ्याच्या फुलांची भजी ज्यांनी खाल्लीत त्यांना वेगळं सांगायला नको. इटलीत याच फुलांत चीज भरून तळतात. भरून बघितलं, पण तेलात फुटून चीज बाहेर आलं. ते तेल टाकून द्यावं लागलं. पुन्हा नाही.

२१ जुलै

हे नीट वाचा.

कंपोस्टच्या ढिगाशेजारी एक रोप आपोआप उगवलं होतं, पानं हुबेहूब झुकिनीची. गेल्या ऑक्टोबरात दारात मांडलेले शोभेचे छोटे भोपळे तिथेच टाकले होते. त्या रोपाला छान फिकट हिरवी फळं धरली. आईंनी चिरायच्या आधी सवयीनं देठाकडची चकती जिभेला लावली आणि थुंकली. जहर कडू. चूळ भरूनही अर्धा तास कडवटपणा गेला नाही.

झुकिनी, दुधी, काकडी, भोपळा या सगळ्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. आपण खातो त्या जातींतून ती निवडून निवडून काढून टाकलीत, पण शोभेच्या भोपळ्यांत आणि त्यांच्याशी संकर झालेल्या बियांत ती परत येतात. शिजवून जात नाहीत. २०१५ साली जर्मनीत हायडेनहाइम इथे एक वृद्ध गृहस्थ घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन दगावले. भारतात कडू दुधीच्या रसानं मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) समिती नेमली होती. तेव्हा: प्रत्येक फळाची कच्ची चकती चाखायची, कडू लागली तर ते फळ टाकायचं, मसाल्यात दडवायचं नाही. आपोआप उगवलेलं रोप ठेवायचं नाही. आणि शेजारी दुसऱ्या जातीचे भोपळे असतील तर झुकिनीचं बी धरून पुढच्या वर्षी पेरायचं नाही. परागीभवन कुठल्याही फुलाशी झालं तरी यंदाच्या फळाच्या चवीवर परिणाम होत नाही, तो होतो त्यातल्या बियांवर.

रोप उपटलं. कंपोस्टमध्ये नाही, कचऱ्यात.

२७ ते २९ जुलै

सांडगे. आईंचा हट्ट. मिरजेला चैत्रात गच्चीवर करतात तसे: हरभराडाळ दोन वाट्या, मूगडाळ एक, उडीदडाळ अर्धी, रात्रभर भिजवून पाणी न घालता भरड वाटलेली. त्यात कोहळ्याच्या जागी सोट्यांचा कीस घट्ट पिळून, हिरवी मिरची, लसूण, जिरं, हिंग, मीठ. डेकवर प्लॅस्टिक अंथरून, वर जुनी मच्छरदाणी.

शनिवारी ऊन होतं. तापमान ३२ सेल्सिअस, पण हवा दमट. संध्याकाळी सांडगे वरून कोरडे, आतून ओले. रात्री घरात आणले. रविवारी ढग. सोमवारी सकाळी आंबूस वास आणि काहींवर पांढरी लव. आई म्हणाल्या, "आंबलेले तळून खपतील." मी ऐकलं नाही. सगळे टाकले. डाळींचे सहा-सात डॉलर आणि वाटण्याघाटण्याची मेहनत गेली.

मिरजेच्या एप्रिलात उकाडा असतो पण हवा कोरडी असते. इथल्या जुलैत उकाडा दमट. ऊन दोन्हीकडे सारखंच दिसतं म्हणून फसायला होतं. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, सगळा पूर्व किनारा याच हवेतला. कॅलिफोर्नियातल्या किंवा ॲरिझोनातल्या मंडळींनी खुशाल गच्चीवर घालावेत.

३ ऑगस्ट

गराज सेलमध्ये जुना पाच ट्रेचा डीहायड्रेटर, म्हणजे वाळवणाचं विजेचं यंत्र, मिळाला, पंचवीस डॉलर. तेच पीठ, तीच मापं. तापमान १३५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ५७ सेल्सिअस. सांडगे अंगठ्याच्या नखाएवढेच घालायचे. मोठे घातले की आत ओल राहते. पाच तासांनी उलटले आणि ट्रेंची जागा बदलली, कारण तळाचा ट्रे आधी वाळतो. साडेदहा तासांत झाले. विजेचा हिशेब नवऱ्यानं काढला: डॉलरच्या आसपास.

खूण एकच: मोडला की कट्कन आवाज आला पाहिजे, आतला रंग बाहेरच्यासारखाच हवा. वाकला तर परत ट्रेवर. गार झाल्यावर काचेच्या बरणीत पाऊणच भरायचे, आठवडाभर रोज हलवायचे आणि बरणीच्या आतून दव दिसतंय का बघायचं. दिसलं तर पुन्हा दोन तास वाळवायचे. आमच्या एका बरणीत दिसलं.

ओव्हन वापरून बघणाऱ्यांसाठी: आमच्या ओव्हनचं सगळ्यात कमी तापमान १७० फॅरनहाइट. त्यात एक ट्रे घातला, बाहेरून कडक कवच आणि आत मऊ. दार किंचित उघडं ठेवून जमतं म्हणतात, पण लहान मूल असलेल्या घरात मला ते नको होतं.

आमटी: सांडगे तेलावर लालसर परतून, कांदा-खोबऱ्याचं वाटण, कांदा-लसूण मसाला, पाणी, पंधरा मिनिटं. नवऱ्यानं ताटलीतली शेवटची आमटी पोळीनं पुसून घेतली.

उरलेल्या ट्रेवर कोवळ्या झुकिनीच्या चकत्या घातल्या, आंबट ताकात मीठ-हिंग घालून रात्रभर भिजवलेल्या. काचऱ्यांसारख्या तळायला. एक किलोच्या चकत्या वाळून मूठभर उरल्या. जागा वाचवायची तर याला तोड नाही. तळताना तेल फार तापवू नका, क्षणात काळ्या पडतात.

८ ऑगस्ट

आज अमेरिकेत एक गमतीचा दिवस पाळतात: शेजाऱ्याच्या पोर्चवर गुपचूप झुकिनी ठेवून पळण्याचा. देशभर सगळ्यांच्याच बागांत ती एकाच वेळी उतू जाते, म्हणून. मुलगी रात्री तीन घरांसमोर पिशव्या ठेवून आली. सकाळी आमच्या पायरीवर दोन पिशव्या होत्या, त्यातली एक आमचीच.

उगाच वाटत फिरण्यापेक्षा गावातल्या फूड पँट्रीला (गरजूंना फुकट अन्न देणारं केंद्र) फोन करा. घरच्या बागेतला भाजीपाला घेणाऱ्या पँट्र्यांची यादी अँपलहार्वेस्ट या संस्थेकडे मिळते. ती २००९ मध्ये आपल्याच न्यू जर्सीत, वेस्ट मिलफर्डच्या गॅरी ओपनहाइमर यांनी सुरू केली. आमच्या पँट्रीनं दोन अटी सांगितल्या: धुऊ नका (ओल राहिली तर सडते), आणि हातभर लांबीपेक्षा मोठ्या आणू नका. सोटे कुणालाच नकोत, फुकटसुद्धा.

१० ऑगस्ट

बरण्या. माझा विचार होता की फोडी मिठाच्या पाण्यात भरून प्रेशर कुकरला लावाव्यात, वर्षभराची बेगमी. करण्याआधी वाचलं, बरं झालं. जॉर्जिया विद्यापीठाच्या नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्व्हेशनचा स्पष्ट सल्ला आहे की साधी झुकिनी बरणीबंद करू नये. आंबटपणा नाही, शिजल्यावर फोडी बरणीत घट्ट बसतात, आतपर्यंत उष्णता किती वेळात पोचेल याची खात्रीची मापं नाहीत, बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा धोका. आणि आपला शिट्ट्यांचा कुकर या कामाचा नव्हेच.

चालतं ते व्हिनेगरमधलं लोणचं. अमेरिकी कृषी खात्याच्या मार्गदर्शिकेत झुकिनीचं एक आहे, ज्यात मोहरी आणि हळद आधीपासूनच आहे. कपाच्या मापानं: १६ कप चकत्या, ४ कप कांदा, अर्धा कप मीठ घालून पाण्यात दोन तास, मग निथळून ४ कप व्हिनेगर (५ टक्के आम्लतेचं), २ कप साखर, ४ मोठे चमचे मोहरी, २ मोठे चमचे सेलरीचं बी, २ चहाचे चमचे हळद यांच्या उकळीत. मी निम्मं केलं. सेलरीच्या बियांऐवजी मेथी आणि बडीशेप घातली. सुके मसाले बदलले तरी चालतात, व्हिनेगर कमी केलेलं चालत नाही. बरण्या उकळत्या पाण्यात १० मिनिटं. डोंगराळ भागात राहत असाल तर जास्त वेळ लागतो.

आईंना ते लोणचं वाटलं नाही. "गोड काकडी आहे ही." ग्रिल्ड चीज सँडविचमध्ये मात्र मुलीनं पहिली बरणी संपवली.

तेलातलं, कैरीच्या मसाल्याचं लोणचंही घातलं होतं. तिसऱ्या दिवशी बरणीत अर्धं पाणी, तेल वर तरंगतंय. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात खाऊन टाकलं. बाहेर ठेवायचं धाडस करू नका.

१७ ऑगस्ट

फ्रीझर. दोन तऱ्हा करून ठेवल्या, हिवाळ्यात ताडून बघायला.

अ: कच्चा कीस पिळून थेट पिशवीत.
ब: कीस मोदकपात्रात चाळणीवर पातळ पसरून दीड-दोन मिनिटं वाफवला, पारदर्शक दिसेपर्यंत. लगेच गार केला, निथळला, पिशवीत.

दोन वाट्यांच्या पिशव्या, सपाट करून, हवा काढून. पिशवीवर तारीख आणि तऱ्हा लिहा. सपाट पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या राहतात. पहिल्या दिवशी मी गोळ्यांसारख्या भरल्या होत्या. त्या एकमेकींना चिकटून एक दगड झाला आणि आईस्क्रीमचा डबा बाहेर राहिला.

कीस हातानं केला तर बोटं सोलतात. फूड प्रोसेसरच्या चकतीनं चार किलो अर्ध्या तासात.

२४ ऑगस्ट

घारगे आणि हलवा एकाच दिवशी.

घारगे फसले. लाल भोपळ्याचा कीस गुळात शिजवला की घट्ट येतो, त्याला स्वतःची गोडी आणि रंग असतो. झुकिनीचा कीस गुळात पातळ आमटी झाला. आटवायला पाऊण तास, मग कणीक एवढी लागली की घारगे चिवट. चहात बुडवून खाल्ले. झुकिनी आणि लाल भोपळा एकाच कुळातले असले तरी इथे एकाची जागा दुसरा घेत नाही.

हलवा जमला, दुधी हलव्यासारखा. सोट्याचा गर किसून पंचात घट्ट पिळायचा, तुपावर कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, मग दूध, आटत आलं की साखर. साखर घातल्यावर पुन्हा पाणी सुटतं, घाबरू नका. शेवटी दुधाची पावडर. दोन किलोच्या सोट्याचा हलवा एका मध्यम पातेल्यात मावला आणि पाहुण्यांनी दुधीचाच समजून खाल्ला. आम्ही सांगितलं नाही.

१ सप्टेंबर

दोन झाडं दुपारी माना टाकून होती, संध्याकाळी पाणी घालूनही उभी राहिली नाहीत. बुंध्याशी लाकडाच्या भुशासारखा ओला चुरा. स्क्वॉश वाइन बोरर. लालसर पोटाचा पतंग बुंध्याशी अंडी घालतो, अळी खोडाच्या आत पोखरत जाते. पात्यानं खोड उभं चिरून अळी काढली, मातीनं झाकलं. एक झाड जगलं, एक गेलं. उरलेल्यांच्या पानांवर भुरी आली आहे.

कधी नव्हे ते कुणी हळहळलं नाही.

२३ नोव्हेंबर

आई ऑक्टोबरात परत गेल्या. सांडग्यांची एक बरणी त्यांनी सोबत नेली, मिरजेच्या बहिणींना दाखवायला की उन्हाशिवाय होतात.

आज फ्रीझरमधल्या दोन्ही पिशव्या उघडल्या. कच्चा कीस (अ) तंतुमय झालाय, गवताचा वास येतो, पिळल्यावर उरतं फारच थोडं. थालीपिठात कांदा-कोथिंबिरीखाली चालून गेला, मुटक्यांत जाणवला. वाफवलेला (ब) रंगानंही हिरवा आणि मुटके जुलैइतके चांगले. वाफवायचा कंटाळा आला होता म्हणून निम्म्याहून जास्त पिशव्या अ आहेत. त्या सगळ्या डिसेंबरपर्यंत थालीपिठांत जातील. दोन्हीचं वितळलेलं पाणी ओतून द्या, त्यात काही चव नाही.

पुढच्या वर्षासाठी नवऱ्यानं फळ्यावर लिहून ठेवलंय: रोपं दोन, दुसरं जूनच्या शेवटी पेरायचं, म्हणजे बोररचा पतंग उडून गेल्यावर ते मोठं होईल. खाली मुलीनं लिहिलंय, दोन नको एक.